क्लायंटविषयी आकर्षण वाटते आहे. हे सुपरव्हिजनमध्ये कसे मांडावे?

नवखी_समुपदेशक

नमस्कार. मी पुण्यातील एका खासगी समुपदेशन केंद्रात पावणेदोन वर्षांपासून काम करते. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केल्यानंतरची ही माझी पहिलीच नोकरी आहे. पुढे जे लिहीत आहे त्यातील क्लायंटचे वय, व्यवसाय आणि येण्याचे कारण मी बदलले आहे. माझ्या बाजूचे मात्र काहीही बदललेले नाही.

तिशीच्या मध्यावरचा एक क्लायंट, वडिलांच्या निधनानंतर झोप लागत नाही आणि कशातच मन रमत नाही, या तक्रारीसाठी माझ्याकडे येतो. आतापर्यंत चौदा सेशन झाली आहेत. तो शब्द निवडून बोलतो आणि मी काही विचारले तर उत्तर देण्याआधी खरोखर थांबतो. अकराव्या सेशनमध्ये तो म्हणाला, "आठवड्यातला हा एकच तास असा असतो की कुणीतरी माझं नीट ऐकतं." त्या दिवशी मला बरे वाटले, आणि ते बरे वाटणे नेहमीच्या कामाच्या समाधानासारखे नव्हते हे मला लगेच कळले.

त्यानंतर काही गोष्टी माझ्या लक्षात येत गेल्या. गुरुवारी घालायच्या कुर्त्याला मी बुधवारी रात्रीच इस्त्री करून ठेवते. इतर दिवशी हाताला येईल ते घालते. त्याला ऑफिसातून यायला सोयीचे पडावे म्हणून मी त्याची वेळ चारवरून सहावर, म्हणजे दिवसाच्या शेवटी नेली. अशी सोय त्याने मागितली नव्हती. पन्नास मिनिटांचे सेशन पासष्ट मिनिटांपर्यंत लांबते. विचित्र म्हणजे ज्याच्याविषयी मी सर्वाधिक विचार करते त्याचीच नोंद सर्वांत छोटी होऊ लागली आहे. इतरांची दीड-दोन पाने होतात. त्याच्या गेल्या तीन नोंदी चार-चार ओळींच्या आहेत. "झोपेत थोडी सुधारणा. वडिलांविषयी बोलणे चालू." मी विवाहित आहे, संसार व्यवस्थित आहे, आणि तरीही दोन आठवड्यांपूर्वी मला एक स्वप्न पडले, ज्यानंतर त्याच्या समोर बसताना माझी मान वर होईना.

आमच्या केसवर मार्गदर्शन करणारे सुपरव्हायझर हेच केंद्राचे संचालक आहेत. दर पंधरा दिवसांनी शनिवारी आम्ही तिघी समुपदेशक त्यांच्यासमोर एकत्र बसून केस मांडतो. ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, स्वभावाने चांगले आहेत, पण माझा करार वाढवायचा की नाही हेही तेच ठरवतात. गेल्या तीन शनिवारी मी दुसऱ्याच केस मांडल्या. एम.ए.ला आम्हाला नीतिमत्तेवर दोन व्याख्याने होती आणि त्यांत या विषयासाठी एकच वाक्य होते: क्लायंटशी शारीरिक संबंध ठेवू नयेत. ते तर मलाही कळते. परंतु कोणतेही वर्तन न करता नुसते मनात जे उठते त्याचे काय करायचे, हे कुणी सांगितले नाही.

हे सरांना सांगणे योग्य ठरेल का आणि कोणत्या शब्दांत सांगावे? हा माझा अपराध धरला जाईल का? क्लायंटला दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवावे का, आणि पाठवायचे तर त्याला कारण काय सांगावे?


जुनी_खुर्ची

तुम्ही हे लिहिलेत, हेच पुष्कळ झाले. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षे काम करते आहे, आणि या प्रसंगातून मीही गेले आहे, एकदा नव्हे.

अपराधाची गोष्ट आधी बाजूला करू. १९८६ साली केनेथ पोप, पॅट्रिशिया कीथ-स्पीगल आणि बार्बरा टबॅकनिक यांनी अमेरिकेतील ५७५ मानसोपचारकांना हाच प्रश्न विचारला होता. निदान क्वचित तरी एखाद्या क्लायंटविषयी लैंगिक आकर्षण वाटले, असे ८७ टक्के जणांनी सांगितले. पुरुषांत हे प्रमाण ९५ आणि स्त्रियांत ७६ टक्के होते. या आकर्षणामुळे अपराधी, अस्वस्थ किंवा गोंधळल्यासारखे वाटले असे ६३ टक्क्यांनी नोंदवले, तर प्रत्यक्ष संबंधांचा विचार आपण कधीच गांभीर्याने केला नाही असे ८२ टक्क्यांनी सांगितले. मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो वेगळाच आकडा: या बाबतीत आपले प्रशिक्षण किंवा सुपरव्हिजन पुरेसे होते असे म्हणणारे अवघे ९ टक्के निघाले. आकडे अमेरिकेचे आणि जुने आहेत, ते पुण्याला जसेच्या तसे लावू नयेत. पण तुमच्या वर्गातील ते एकच वाक्य आणि हे ९ टक्के यांची जातकुळी एकच आहे.

या प्रश्नाचे वय आपल्या व्यवसायाइतकेच आहे. काउंटर-ट्रान्सफरन्स, म्हणजे रुग्णाविषयी थेरपिस्टच्या मनात उठणाऱ्या भावना, हा शब्द मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने प्रथम वापरला तो १९०९ मध्ये आपला तेव्हाचा सहकारी युंग याला लिहिलेल्या पत्रात, आणि त्या पत्राचा विषय होता सबिना श्पीलराइन ही युंगची रुग्ण, जिच्याशी त्याचे नाते उपचारांपलीकडे गेले होते. पुढे १९१५ च्या निबंधात फ्रॉइडने रुग्णाच्या प्रेमाविषयी जे सांगितले ते आजही उपयोगी आहे: त्या प्रेमाला प्रतिसाद द्यायचा नाही आणि ते दडपूनही टाकायचे नाही, तर ते कुठून आले ते पाहायचे. थेरपिस्टच्या मनात उठणाऱ्या भावनांकडे मात्र बराच काळ दोष म्हणूनच पाहिले गेले. १९५० मध्ये मनोविश्लेषक पॉला हाइमन यांनी मांडले की थेरपिस्टच्या भावना हे रुग्णाचे मन समजून घेण्याचे एक साधनच आहे. यातील खुबी आणि धोका दोन्ही ओळखा. "मला जे वाटते ते त्यानेच माझ्यात निर्माण केले" असे म्हणून हात झटकणे फार सोपे जाते. काही त्याचे असते, काही तुमचे असते, आणि ही वाटणी एकटीने करता येत नाही. सुपरव्हिजन लागते ते त्यासाठी.

तुमच्या पत्रात मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती स्वप्नावर नाही, इस्त्रीवरही नाही, त्या चार ओळींच्या नोंदीवर. आकर्षण वाटणे आपल्या हातात नसते. वेळ बदलणे, सेशन लांबवणे, नोंद आखडणे आणि ती केस शनिवारी न मांडणे, ही मात्र आपली कृती असते. गटहाइल आणि गॅबार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९३ मध्ये मर्यादेबाहेर पाऊल पडणे आणि मर्यादेचा भंग होणे यांत फरक केला होता. पहिले निरुपद्रवी, कधी उपकारकही असू शकते; दुसऱ्यात क्लायंटचे नुकसान होते. जास्तीची पंधरा मिनिटे हे पहिल्या प्रकारातले लहानसे पाऊल आहे. आपण स्वतःलाही हिशेब द्यायचे टाळतो आहोत, हे त्या पावलापेक्षा महत्त्वाचे आहे.

सांगायचे कसे, तर तिघींच्या बैठकीत पहिल्यांदाच नको. वैयक्तिक वेळ मागून घ्या. प्रस्तावना लांबवू नका, कारण प्रस्तावना लांबली की धीर सुटतो. "सर, एका केसविषयी मी तीन वेळा बोलायचे टाळले. मला त्या क्लायंटविषयी आकर्षण वाटते. त्यामुळे सेशन लांबते आहे आणि माझी नोंद छोटी होते आहे. मी काहीही बोललेले किंवा केलेले नाही, आणि माझे काम बिघडू नये म्हणून मला मदत हवी आहे." एवढी चार-पाच वाक्ये पुरतात. स्वप्नाचा तपशील सांगण्याची गरज नाही. तो तुमच्या स्वतःच्या थेरपीचा विषय आहे, आणि स्वतःची थेरपी चालू नसेल तर तीही सुरू करा. सोबत अकराव्या सेशनचे आठवेल तेवढे शब्दशः लेखन घेऊन जा. तो "नीट ऐकतं" असे म्हणाला, त्याच्या आधीची पाच मिनिटे काय बोलणे चालू होते? ते लिहून काढा. मला उत्तर माहीत नाही, पण दुःखाच्या केसमध्ये अशी ऊब कधी नेमकी त्याच जागी येते, जिथे दोघांनाही पुढे जायचे नसते.

क्लायंटला मात्र तुमच्या भावनेविषयी काहीही सांगू नका. प्रामाणिकपणा म्हणून जे सांगितले जाते त्याचे ओझे त्याच्या डोक्यावर बसते. मग पुढच्या गुरुवारी त्याने स्वतःच्या वडिलांचा विचार करायचा की तुमच्या भावनांना सांभाळायचे?


नागपूरचा_मनोविकारतज्ज्ञ

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टच सांगतो. आधी एक सूचना: क्लायंटची इतकी माहिती, बदललेली का असेना, सार्वजनिक ठिकाणी लिहू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि त्याने हे वाचले तर तो स्वतःचे वाक्य ओळखील.

दुसरे म्हणजे, या भावनांचे फार उत्खनन करत बसण्यापेक्षा रुग्णाला दुसरीकडे पाठवणे सर्वांच्या हिताचे असते. आम्हा डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्णाशी अनुचित संबंधांबद्दल शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरवले आहे. भारतीय न्याय संहितेचे ६८ वे कलम अधिकारपदाचा किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन स्त्रीला शरीरसंबंधास प्रवृत्त करणाऱ्याला ५ ते १० वर्षांची शिक्षा सांगते. ते तुमच्या प्रसंगाला लागू नाही, कारण तेथे उल्लेख स्त्रीचा आहे आणि तुमच्याकडून तसे काहीच घडलेले नाही. तत्त्व मात्र लक्षात घ्यावे, की अशा नात्यात "तिची संमती होती" हे उत्तर चालत नाही. उपचार संपल्यावरही प्रश्न संपत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संहिता उपचारांनंतर किमान दोन वर्षे मनाई करते आणि पुढेही सिद्ध करण्याची जबाबदारी थेरपिस्टवरच ठेवते. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन तर माजी रुग्णाच्या बाबतीतही पूर्ण मनाई करते. समुपदेशकांना आपल्याकडे वर्षानुवर्षे कोणत्याही परिषदेचा धाक नव्हता, म्हणून तर स्वतःची शिस्त अधिक कडक हवी.

पुढच्या सेशनला त्यांना सहकारी समुपदेशकाचे नाव द्यावे, फाइलमध्ये तशी नोंद करावी आणि विषय संपवावा.


पलीकडच्या_खुर्चीतून

मी या व्यवसायातील नाही. मी क्लायंट होते, आणि डॉक्टरसाहेबांनी जे सुचवले तेच माझ्या बाबतीत झाले, म्हणून लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका समुपदेशकांकडे जात असे. केंद्राचे नाव लिहीत नाही. आठव्या सेशनला मी धीर करून त्यांना सांगितले की, मला तुमच्याविषयी काहीतरी वाटू लागले आहे. मला त्यांच्याकडून काही हवे नव्हते. "मनात येईल ते बोला" असे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितले होते, म्हणून मी बोलले. ते म्हणाले, "हं, बोलू आपण त्यावर." पुढच्या मंगळवारी मी स्वारगेटच्या बसथांब्यावर उभी असताना केंद्राच्या स्वागतकक्षातून फोन आला की, "यापुढे तुमची सेशन दुसऱ्या मॅडम घेतील, त्या तुमच्यासाठी जास्त योग्य आहेत." मागून कुणाचा तरी चहाचा हिशेब ऐकू येत होता. मी "बरं" म्हटले आणि घरी परत गेले.

मी जवळजवळ वर्षभर असे समजत होते की, माझ्यात काहीतरी घाण आहे आणि ती त्या भल्या माणसाला दिसली. नंतरच्या मॅडमकडे मी गेले ते दहा महिन्यांनी, आणि मूळ तक्रारीवर यायच्या आधी आमचे चार महिने या फोनवरच गेले. त्या सरांना माझ्याविषयी काही वाटत होते, की ते केवळ घाबरले, की त्यांच्या वरिष्ठांनी तसा आदेश दिला, हे मला आजही ठाऊक नाही. नियमाप्रमाणे पाहिले तर त्यांनी काहीही चुकीचे केले नाही. फाइलमध्ये नोंदही नीट झाली असेल.

ताई, पाठवायचेच असेल तर त्याला स्वतः, समोर बसून सांगा, आणि निरोपासाठी तीन-चार सेशन तरी द्या. त्याचे वडील आधीच गेले आहेत.


काठावरून

वरील पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मी मुंबईत बारा वर्षे सुपरव्हिजन करतो. आपल्या क्षेत्रात ज्या चुकीची नोंद कुठेच होत नाही ती ही.

सुपरव्हायझरच्या बाजूची एक चूक माझ्या नावावर आहे, ती सांगतो. एक तरुण समुपदेशक गटात सांगत होती की एक क्लायंट तिला रोज सकाळी शुभेच्छांचे संदेश पाठवतो आणि तिला त्याचे उत्तर द्यावेसे वाटते. मी हसून म्हणालो, "राखी बांधून टाक, प्रश्न मिटला." सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर तिने तो क्लायंट कधीच मांडला नाही, आणि आठ महिन्यांनी ती काम सोडून गेली. "मला त्याचे उत्तर द्यावेसे वाटते" या वाक्यात ती काय सांगत होती, ते मी ऐकलेच नव्हते. अवघड विषय मी एका विनोदात बंद केला, कारण तो मलाही अवघड वाटला होता.

आपल्याकडे या राखीला वेगळे महत्त्व आहे. १९७३ मध्ये मनोविकारतज्ज्ञ जे. एस. नेकी यांनी गुरू-शिष्य नात्याकडे भारतीय उपचारपद्धतीचा एक नमुना म्हणून पाहावे असे सुचवले होते, आणि आपला क्लायंट आपल्याला परक्या तज्ज्ञासारखा क्वचितच पाहतो हे खरे आहे. तो सर म्हणतो, ताई म्हणतो, दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतो. ही संबोधने बहुतेक वेळा आदराची आणि सोयीची असतात. परंतु नऊ सेशन "मॅडम" म्हणणारा क्लायंट दहाव्याला अचानक "ताई" म्हणू लागला, किंवा आपणच "मला ताई म्हणा" असे सुचवले, तर त्या आठवड्यात काय घडले हे सुपरव्हिजनमध्ये विचारावे. पुष्कळदा नात्याचे नाव हे उकळत्या भांड्यावर ठेवलेले झाकण असते. आकर्षण समलिंगी असेल तर हे झाकण आणखी घट्ट बसते. दोघी स्त्रिया आहेत म्हटल्यावर सुपरव्हायझरला प्रश्न सुचतही नाही.

अमेरिकन मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये दाखवले की उपचारांच्या खोलीत जे चालते त्याचा पडसाद सुपरव्हिजनच्या खोलीतही उमटतो. तुमच्या प्रसंगात तो मला स्पष्ट ऐकू येतो. तुमचा क्लायंट वडिलांविषयी काहीतरी बोलायचे राखून ठेवतो आहे, असे जुनी_खुर्ची यांनी सुचवले आहे. आणि तुम्ही, "वडिलांच्या वयाच्या" सरांपासून काहीतरी राखून ठेवत आहात. हा केवळ योगायोगही असेल, पण एक शनिवार त्यावर घालवायला हरकत नाही.

आता सरांविषयी. तुमचा करार ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासमोर ही गोष्ट उघड करण्याची भीती हा तुमचा दुबळेपणा नाही. ती रचनाच सदोष आहे. नोकरीचे मूल्यमापन आणि सुपरव्हिजन एकाच माणसाकडे असू नये. ब्रिटनमध्ये तेथील समुपदेशकांची संघटना, बीएसीपी, आपल्या मान्यताप्राप्त सदस्यांना महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन बंधनकारक करते, आणि अनेक जण ते संस्थेबाहेरच्या व्यक्तीकडे घेतात. आपल्याकडे हे स्वतःच्या खिशातून करावे लागते, आणि नव्या समुपदेशकाच्या पगारात ते जड जाते हे मला मान्य आहे. अनेक ज्येष्ठ मंडळी यासाठी फी कमी करतात, विचारायला संकोच करू नका. एक खूणगाठ बांधून ठेवा: सुपरव्हायझरने केसविषयी कितीही खोलात विचारावे, पण तो तुमच्या कल्पनांचे, स्वप्नाचे, शरीराचे तपशील मागू लागला तर तेथे थांबण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आकर्षण, कुतूहल आणि अधिकार यांची गल्लत सुपरव्हिजनच्या खोलीतही होते, आणि तिच्याविषयी तर आपण त्याहून कमी बोलतो.

डॉक्टरसाहेबांशी मी अर्धा सहमत आहे. क्लायंटला दुसरीकडे पाठवण्याची वेळ येते. सेशनमध्ये कोणता प्रश्न विचारायचा हे त्याच्या गरजेऐवजी आपल्या इच्छेवर ठरू लागले, किंवा सुपरव्हिजनमध्ये सांगूनही पुढच्या आठवड्यात पुन्हा लपवाछपवी सुरू झाली, तर थांबावे. परंतु भावना वाटली की त्याच आठवड्यात फाइल पुढे सरकवायची, हा उपाय थेरपिस्टच्या भीतीवरचा असतो.


नागपूरचा_मनोविकारतज्ज्ञ

पलीकडच्या_खुर्चीतून लिहिणाऱ्या बाईंचे पत्र वाचले. "पुढच्या सेशनला नाव द्यावे आणि विषय संपवावा" हे वाक्य मी मागे घेतो. ओपीडीत एका रुग्णाला दहा मिनिटे देणारा माणूस असे वाक्य सहज लिहून जातो. सार्वजनिक ठिकाणी तपशील न लिहिण्याविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे.


नवखी_समुपदेशक

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवडे उलटून गेले आहेत. डॉक्टरांची सूचना मानून या वेळी क्लायंटविषयी कमीत कमी लिहिते.

मी सरांकडे वैयक्तिक वेळ मागितली. जुनी_खुर्ची ताईंची वाक्ये एका कागदावर लिहून नेली होती, आणि खरे सांगायचे तर ती मी वाचूनच दाखवली. मान वर केली नाही. सर काही क्षण गप्प होते. मग त्यांनी मला ओशाळवाणे वाटेल असे काहीही न विचारता एवढेच म्हटले, "नोंदी आणल्यात का?" त्या चार ओळींच्या नोंदी त्यांनी दोनदा वाचल्या. नंतर ते म्हणाले की, करार त्यांच्याकडे असल्यामुळे या केससाठी ते योग्य व्यक्ती नाहीत, आणि त्यांनी मुंबईतील एका ज्येष्ठ बाईंचे नाव दिले. त्यांच्याशी व्हिडिओवर माझ्या तीन बैठका झाल्या आहेत. पहिल्या बैठकीचा खर्च केंद्राने दिला, पुढच्यांचे अजून ठरायचे आहे.

अकराव्या सेशनचे शब्दशः लेखन मी केले. "नीट ऐकतं" या वाक्याच्या आधी तो रुग्णालयातील शेवटच्या रात्रीविषयी बोलत होता आणि एका कागदावर केलेल्या सहीपाशी येऊन थांबला होता. त्याने वर पाहिले आणि ते वाक्य उच्चारले. मी "थँक यू" म्हटले आणि त्याला झोपेविषयी विचारले. माझ्या हातचे अक्षर वाचताना मला इतकी लाज वाटली की, आकर्षणाची लाज त्यापुढे काहीच नव्हती. तो सहीपाशी थांबला, आणि मी त्याला तेथेच सोडून दिले, कारण त्याने माझे कौतुक केले होते.

पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच मी त्याला म्हटले, "गेले काही आठवडे आपण ठरल्यापेक्षा जास्त वेळ बसतो आहोत. ते माझ्याकडून झालं. यापुढे सहा पन्नासला थांबू." तो जरा दुखावला, "म्हणजे मी फार बोलतो का?" असे त्याने विचारले, आणि त्यावरच बराच वेळ गेला. त्या कागदाकडे आम्ही वळलो ते त्याच्या पुढच्या गुरुवारी. सहा पन्नासला थांबणे त्या दिवशी मला फार जड गेले, पण थांबले.

आकर्षण गेले आहे असे मी म्हणू शकत नाही. बाई म्हणाल्या, "जाईल की नाही याचा पहारा करू नका, नोंद पूर्ण लिहा." मी लिहिते आहे. क्लायंटला मी अजून पाठवलेले नाही. दर बैठकीत तो प्रश्न आम्ही नव्याने घेतो.

एक शंका राहिली. त्याची केस मी बाहेरच्या सुपरव्हायझरकडे नेते आहे, हे आमच्या संमतीपत्रात कुठेच लिहिलेले नाही. सर ते बदलायला तयार आहेत. तुमच्याकडे असे वाक्य असल्यास कृपया कळवावे.


काठावरून

आमच्याकडचे वाक्य असे आहे: "माझे काम नीट होते आहे ना हे तपासण्यासाठी मी नियमितपणे एका अनुभवी सहकाऱ्याशी सल्लामसलत करते. त्या चर्चेत आपले नाव किंवा ओळख पटेल असा तपशील सांगितला जात नाही, आणि तो सहकारीही गोपनीयतेला बांधील असतो." सही घेण्याआधी हे तोंडी वाचून दाखवतो, कारण छापलेला कागद कुणी वाचत नाही. चालू क्लायंटना नवा कागद देताना सेशनची पहिली दहा मिनिटे त्यासाठी ठेवा, शेवटची नको. आणि तुमच्या या क्लायंटच्या बाबतीत, कागद पुढे करून सही मागण्यापूर्वी बाईंशी एकदा बोलून घ्या.